इन्सुलिनला कळायला हवं, आपण जेवलोय का?

मागची आषाढी एकादशी आमच्या घरात कोणी विसरणार नाही.

सासूबाईंना वीस वर्षांपासून डायबेटिस आहे. गेली सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. त्या दिवशीही त्यांनी साडेसातला नेहमीसारखं इंजेक्शन घेतलं. "डॉक्टरांनी सांगितलंय, इंजेक्शन चुकवायचं नाही," हे त्यांचं पाठ झालेलं वाक्य. पण एकादशी, तीही आषाढी, म्हणून नाश्ता मात्र नाही. बिनसाखरेचा चहा घेतला आणि देवघरात जाऊन बसल्या. मी स्वयंपाकघरात भगर आणि दाण्याच्या आमटीच्या नादात.

साडेदहाच्या सुमाराला हाक मारली, तर ओ नाही. जाऊन बघते तर हातात जपमाळ तशीच, पोलकं घामानं ओलंचिंब, नजर कुठेतरी लागलेली. "आई, काय होतंय?" म्हटलं तर माझ्यावरच खेकसल्या. एरवी त्या कधी आवाज चढवत नाहीत. बोलणंही जड, अडखळत. मी धावत जाऊन मशीन आणलं, बोटाला टोचलं. आकडा आला ४६.

नशीब, गिळता येत होतं. चार चमचे साखर थोड्या पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ८२. हळूहळू चेहऱ्यावर ओळख आली. पहिलं वाक्य काय, तर, "अगं, माझा उपास मोडलास ना?" मला हसावं की रडावं तेच कळेना.

दुपारी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "इन्सुलिनला कुठे माहीत असतं, आज एकादशी आहे म्हणून? ते आपलं काम करणारच."

ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

बिनडोळ्याचं औषध

मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या पोरांना फळ्यावर स्वादुपिंडाचं चित्र कितीदा काढून दाखवलं असेल! पण त्या दिवशी ते चित्र नव्यानं कळलं.

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते किती? साधारण एक चहाचा चमचा. बस्स, तेवढीच. ती फार वाढूही द्यायची नाही आणि फार उतरूही द्यायची नाही, हे काम स्वादुपिंडातल्या बीटा पेशी करतात. आपण पुरणपोळी खाल्ली की त्या जास्त इन्सुलिन सोडतात. उपास धरला की हात आखडतात. चोवीस तास, न सांगता, न चुकता.

बाहेरून टोचलेलं इन्सुलिन असं करत नाही. वीस युनिट घेतलं की ते वीस युनिटांचं काम करतं. तुम्ही जेवलात की नाही, आज शेतात जास्त राबलात की नाही, रात्री उलटी झाली की नाही, त्याला काही देणंघेणं नाही.

इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं ते जानेवारी १९२२मध्ये, कॅनडातल्या टोरोंटो शहरात. लेनर्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा मरणाच्या दारात होता. बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप या चौघांच्या कामातून आलेल्या औषधानं तो वाचला. त्याआधी ज्यांच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही अशा मुलांना डायबेटिस होणं म्हणजे मरणच होतं. तेव्हापासून शंभर वर्षांत किती सुधारणा झाल्या! पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत. १९८२पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं माणसाचं इन्सुलिन मिळू लागलं. जाड सुया गेल्या, केसासारख्या बारीक आल्या, पेन आली. पण औषध आंधळं ते आंधळंच राहिलं.

मग बघतं कोण? घरातलं कोणीतरी. आणि खरं सांगू, बहुतेक घरांत ते कोणीतरी म्हणजे आपणच. किती युनिट, जेवण कधी, भात किती वाढला, रात्री उठून घाम आलाय का बघायचं. स्वादुपिंडाचं काम सुनेनं, लेकीनं, आईनं करायचं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे. सगळ्यांना इन्सुलिन लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांच्या घरी कोणी ना कोणी असं जागं असतं.

"जेल म्हणजे तुरुंग ना गं?"

त्या प्रसंगानंतर महिनाभरानं सासूबाईंनी पेपरातलं एक कात्रण माझ्यापुढे धरलं. चष्मा नाकावर, बोट बातमीवर.

"हे बघ. शास्त्रज्ञांनी म्हणे जेल काढलंय. त्यात इन्सुलिन ठेवायचं. साखर वाढली की आपोआप सुटतं, कमी झाली की थांबतं. जेल म्हणजे तुरुंग ना गं?"

मी हसायला लागले. म्हटलं, "आई, हे तुरुंगाचं नाही, केसांना लावतात त्या जेलसारखं." पण मग विचार केला, त्या अगदीच चुकीचं म्हणत नव्हत्या. इन्सुलिनला कोंडून ठेवायचं आणि साखर वाढली की तेवढ्यापुरतं दार उघडायचं. त्यांना असंच समजावलं, तर म्हणाल्या, "म्हणजे साखर जामीन द्यायला आली की सुटका! बरंय की. मग आणून दे ना मला."

आणून देणं माझ्या हातात नव्हतं. पण समजून घेणं होतं. मग सुट्टीत बसून जे मिळालं ते वाचून काढलं. तेच तुम्हाला सांगते.

जेल म्हणजे काय, ते आपण रोज बघतो. सब्जाचं बी पाण्यात टाका. दहा मिनिटांत त्याच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत गोळा तयार होतो. आत एक जाळं असतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकलेलं असतं. जाळं सैल झालं की जास्त पाणी शिरतं, जेल फुगतं. जाळं आवळलं की ते आकसतं. आता असं जाळं बनवायचं, की ते साखर बघून सैल व्हावं किंवा आवळावं. आत इन्सुलिन भरून ठेवायचं. सगळी युक्ती एवढीच. पण एवढीच युक्ती जमवायला चाळीसहून जास्त वर्षं माणसं खपताहेत.

सुरुवात झाली १९७९मध्ये. अमेरिकेतल्या ब्राउनली आणि सेरामी या दोघा शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. कोकणातल्या बायकांना अबईच्या शेंगा माहीत असतील, तलवारीसारख्या लांब. त्याच कुळातल्या एका शेंगेच्या दाण्यांत एक प्रथिन असतं, ते साखरेला धरून ठेवतं. त्यांनी इन्सुलिनला साखरेची शेपटी जोडली आणि या प्रथिनाला चिकटवून ठेवलं. रक्तात साखर वाढली की ती येऊन जागा बळकावते आणि इन्सुलिन मोकळं होतं. एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून भांडण होतं ना, तसंच! पण ते प्रथिन आपल्या शरीराला परकं, त्याचा त्रास होण्याची भीती. त्यामुळे पुढचा रस्ता सोपा नव्हता.

दुसरी वाट एन्झाइमची. ग्लुकोज ऑक्सिडेज हे त्याचं नाव. घरच्या मशीनच्या बऱ्याच पट्ट्यांवर हेच लावलेलं असतं. ते ग्लुकोजपासून आम्ल तयार करतं. साखर जास्त, तर आम्ल जास्त. आणि आम्लामुळे फुगणारं जेल बनवता येतं. १९८०च्या दशकापासून यावर प्रयोग झाले. अडचण अशी, की सोबत हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं, ते शरीराला चांगलं नाही. शिवाय एन्झाइम नाजूक, काही काळानं मंदावतं.

बोरिक पावडरची लांबची बहीण

तिसरी वाट मला सगळ्यात आवडली. झुरळांसाठी आपण कणकेत बोरिक पावडर मिसळून गोळ्या करतो. पोरं कॅरम बोर्डावर टाकतात तीही तीच. तिच्यातल्या बोरॉनला एक खोड आहे. साखरेसारख्या रेणूंचा हात तो पटकन धरतो, आणि धरलेला हात सोडूही शकतो. (म्हणून बोरिक पावडर डायबेटिसवर चालते असं कृपा करून कोणी समजू नका. ती पोटात गेली तर विष आहे.) तिच्या नात्यातलं एक रसायन आहे, फिनाइलबोरोनिक आम्ल. ते जेलच्या जाळ्यात विणतात. ग्लुकोज आलं की ते त्याला धरतं, जाळ्यावर विद्युतभार येतो, पाणी आत ओढलं जातं आणि जेल फुगतं. ग्लुकोज कमी झालं की हात सुटतो, पाणी बाहेर, जेल आवळतं. यात प्रथिन नाही, एन्झाइम नाही. त्यामुळे नासण्याची भीती कमी.

१९९०च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी या वाटेवर काम सुरू केलं. अडचण ही होती, की हे रसायन आपल्या रक्तात असतं त्यापेक्षा जास्त अल्कलीच्या पाण्यात नीट काम करायचं. ते रक्ताला जुळवून घ्यायलाच कितीतरी वर्षं गेली. टोकियोच्या आकिरा मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जमवलं. २०१७मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात हे जेल एका बारीक सिलिकॉनच्या नळीला जोडून डायबेटिस झालेल्या उंदरांच्या अंगात बसवलं होतं. काही आठवडे त्यानं साखर सांभाळली.

त्यातली गंमत ऐका. साखर कमी झाली की सगळं जेल आवळायची वाट बघावी लागत नाही. फक्त वरचा थर आकसून घट्ट होतो. तापवलेल्या दुधावर साय धरते ना, तसा. त्या सायीखाली इन्सुलिन अडकून राहतं. साखर वाढली की साय विरघळल्यासारखी सैल होते आणि इन्सुलिन पाझरतं. प्रेशर कुकरची शिट्टी बघा. वाफ जास्त झाली की उचलली जाते, दाब उतरला की आपोआप खाली बसते. कोणी उभं राहून बघावं लागत नाही. तसंच.

आणखी एक प्रयोग अमेरिकेतला. झेन गू आणि त्यांच्या गटानं २०१५मध्ये उंदरांसाठी आणि २०२०मध्ये डुकरांसाठी इन्सुलिनची चिकटपट्टी करून दाखवली. नाण्याएवढी पट्टी, तिच्यावर एक मिलिमीटरपेक्षाही लहान सुयांची रांग. २०२०च्या पट्टीत या सुयाच साखर ओळखणाऱ्या पदार्थाच्या, आत इन्सुलिन. साधारण २५ किलोच्या डुकरांत एका पट्टीनं सुमारे २० तास साखर आटोक्यात राहिली. माणसाची त्वचा डुकराच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते, म्हणून या प्रयोगाला महत्त्व.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तर जेलही बाजूला ठेवलं. इन्सुलिनच्या रेणूलाच उघड-बंद होणारं बटण जोडलं. साखर कमी असली की रेणू मिटून बसतो, वाढली की उघडतो. हेही काम उंदीर आणि डुकरांपर्यंत झालेलं.

मग मिळतं कुठे?

सासूबाईंचा हाच प्रश्न. खरं उत्तर, अजून कुठेच नाही. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतील असं यातलं काही आज बाजारात नाही.

उंदीर आणि माणूस यांत फार अंतर आहे. मर्क या अमेरिकी कंपनीनं २०१४मध्ये साखर ओळखणारं एक इन्सुलिन माणसांवर तपासायला घेतलं होतं. प्राण्यांत चांगलं दिसलेलं माणसांत तितकं दिसलं नाही, ते तिथेच थांबलं. जेलच्याही अडचणी आहेत. जेवल्यावर साखर मिनिटांत वाढते, जेलनं तितक्याच वेगानं जागं व्हायला हवं. थांबायलाही तितक्याच वेगानं हवं. रक्तातल्या दुसऱ्या पदार्थांना ग्लुकोज समजून फसायला नको. परकी वस्तू अंगात गेली की शरीर तिच्याभोवती जाड आवरण घालतं, त्यातून साखर आत कशी पोचणार? आणि सगळ्यात मोठी भीती, आत कित्येक दिवसांचं इन्सुलिन साठवलेलं असतं. दार निखळून सगळं एकदम सुटलं तर? आमच्या घरी एका सकाळच्या इंजेक्शननं काय झालं ते मी पाहिलंय. म्हणून शास्त्रज्ञ सावकाश जातात, याचा मला आता राग येत नाही.

साखर बघून इन्सुलिन देणारं एक साधन मात्र आज आहे. अंगावरचा सेन्सर आणि पंप एकमेकांशी बोलतात. असा पहिला पंप अमेरिकेत २०१६मध्ये मंजूर झाला. पण त्याची किंमत लाखांत, वर दर महिन्याचा खर्च वेगळा. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात तो वापरणारं कोणी मी तरी पाहिलेलं नाही. म्हणूनच जेलचं अप्रूप. त्याला बॅटरी नाही, वायर नाही. स्वस्त होईल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही, पण रचना साधी आहे.

हे सगळं मी का लिहितेय? कारण बातमी अर्धी वाचली की घोटाळा होतो. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी "शुगर मुळापासून जाते" अशी पावडर मिळतेय म्हटल्यावर इन्सुलिन बंद केलं. पाचव्या दिवशी त्यांना अतिदक्षता विभागात दाखल करावं लागलं. नवीन शोधाची बातमी म्हणजे आजचं इंजेक्शन थांबवायची परवानगी नव्हे. लहान मुलांना होणाऱ्या टाइप वन डायबेटिसमध्ये तर इन्सुलिन थांबवणं जिवावर बेततं.

तर ते जेल येईपर्यंत बघायचं काम आपलं आहे. मग ते नीट शिकून घेऊ या. आमच्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं, ते असं:

उपास, प्रवास, लग्नघर, आजारपण, काहीही असो, इन्सुलिनचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. डोस आपल्या मनानं वाढवू नका, कमीही करू नका.

घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढे धूसर, विनाकारण चिडचिड, असंबद्ध बोलणं, ही साखर उतरल्याची लक्षणं. मशीनवर ७०च्या खाली आकडा म्हणजे लगेच उपाय. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. खडीसाखर, लाडू, चॉकलेट नको, ते सावकाश लागू पडतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर पुन्हा द्या. बरं वाटलं की काहीतरी खायला द्या.

माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

सिरिंज बाटलीशी जुळतेय ना, ते बघा. आपल्याकडे ४० युनिटांच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज आणि १०० युनिटांच्या बाटलीला केशरी टोपणाची. इथे गफलत झाली तर डोस अडीचपट चुकतो.

आणि शेवटचं माझ्या पदरचं. हे सगळं एकटीनं डोक्यावर घेऊ नका. आमच्याकडे आता नवऱ्याला आणि कॉलेजातल्या मुलालाही मशीन लावता येतं, साखरेचं पाणी कधी द्यायचं ते कळतं. मी शाळेत असले तरी घरात बघणारं कोणी असतं.

या वर्षी आषाढीच्या आठवडाभर आधी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारून ये गं, विठोबाला चालेल असा उपास सांगा म्हणावं." डॉक्टरांनी डोस बदलून दिला, वेळेवर फराळ करायला सांगितला. नऊ वाजता त्यांनी वाटीभर भगर आणि दही खाल्लं, मगच जपमाळ हातात घेतली. उशाशी आता साखरेची छोटी डबी असते.

ते कात्रण त्यांनी पोथीत ठेवलंय. संध्याकाळी इंजेक्शनची वेळ झाली की दंड पुढे करत विचारतात, "आलं का गं तुमचं ते जेल?"

"अजून नाही, आई."

"बरं. मग टोच. पण आधी सांग, भाकरी झालीय ना?"